किनारीवरचे नाव आणि खाडीपलीकडचे गाव

१/ ‘रेमंड’ हे विलायतेतील एखाद्या जुन्या शिंप्याचे नाव असावे, असा समज आजही अनेक घरांत आढळतो. वस्तुतः ही गिरणी ठाण्याची. तिच्या नावाची कथा समाजमाध्यमांवर उद्योजकतेची स्फूर्तिकथा म्हणून फिरते. त्या कथेतून जे हटकून गाळले जाते, ते या धाग्यात.

२/ १९२५ साली ठाण्याच्या खाडीलगत लोकरीची एक गिरणी उभी राहिली. तिचे पहिले नाव वाडिया मिल. पुढे ती ई. डी. ससून आणि कंपनीकडे गेली. बगदादहून मुंबईत येऊन कापूस, अफू आणि कापड यांच्या व्यापारात गबर झालेल्या ससून घराण्याची ही पेढी. पेढीचे एक संचालक आल्बर्ट रेमंड यांच्या आडनावावरून गिरणी ‘रेमंड वूलन मिल’ झाली.

३/ म्हणजे हे नाव ना विणकराचे, ना रंगाऱ्याचे, ना गावाचे. ते संचालकाच्या खुर्चीचे. १९४४ साली कैलाशपत सिंघानिया यांनी गिरणी घेतली. हे घराणे वाडवडिलांची नावे अभिमानाने मिरवणारे. समूहाच्या ‘जेके’ या नावात जुग्गीलाल आणि कमलापत यांची आद्याक्षरे आहेत. ठाण्यातील वसाहत ‘जेकेग्राम’ झाली, कापडावर मात्र ‘रेमंड’च राहिले. तीन वर्षांनी देश स्वतंत्र झाला, तरी ते बदलले नाही.

४/ ही रीत पुढे अधिकच रुजली. १९८६ साली याच कंपनीने तयार कपड्यांचा ब्रँड काढला, तेव्हा नाव घेतले न्यूयॉर्कच्या एका रस्त्याचे : पार्क अ‍ॅव्हेन्यू. १९८९ साली मदुरा गारमेंट्सने आणलेल्या शर्टावर फ्रान्सचा राजा लुई फिलिप येऊन बसला. त्या राजाला १८४८ च्या क्रांतीने देशोधडीला लावले होते. भारतीय ग्राहकाच्या कॉलरवर मात्र त्याचे राज्य अबाधित आहे.

५/ आता बोधचिन्ह पाहावे. रेमंडच्या नावाखाली ‘१९२५ पासून’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. या वर्षांवर खरा हक्क कोणाचा? मालक दोनदा बदलले. अखंड राहिले ते ठाणे आणि तेथील कामगारांचे श्रम. २००९ मध्ये ठाण्यातील उत्पादन थांबले आणि २०१९ मध्ये त्या जमिनीवर कंपनीने घरबांधणीचा व्यवसाय सुरू केला. गिरणी संपली, चिन्हावरचे साल शिल्लक राहिले.

६/ प्रश्न एका कंपनीचा नाही, धंद्याच्या रीतीचा आहे. तो खाडी ओलांडली की अधिक उघडा पडतो. ठाण्यातील बाळकुमहून पूल पार केला की कशेळी लागते. येथून काल्हेर, पूर्णा, राहनाळपर्यंत गोदामांची रांग आहे. जगभरच्या नावांची खोकी येथे उतरतात आणि येथून पुढे जातात. कशेळीचे नाव त्यांतील एकाही मालाची ओळख बनत नाही.

७/ त्याच रस्त्याने पुढे भिवंडी, यंत्रमागांचे शहर. येथील बरेचसे काम मजुरीवर चालते. व्यापारी सूत देतो, मागवाला ठरल्या दराने विणून देतो आणि साच्यावर उभा असलेला कारागीर मीटरच्या हिशेबाने पैसे घेतो. तयार होते ते कोरे कापड. रंगाई-छपाईसाठी ते बाहेर जाते, आणि त्याला नाव मिळेपर्यंत भिवंडी मागे पडलेली असते. कोऱ्या कापडासोबत त्याचा कारागीरही कोराच राहतो.

८/ यावर ठरलेला आक्षेप असा : नाव म्हणजे विश्वास, ग्राहक त्याचीच किंमत मोजतो. हे मान्य. पण हा विश्वास गावांच्या नावांनीही पेलला आहे. आज पैठणी मुख्यत्वे येवल्यात विणली जाते, तरी मान पैठणचा आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. कालिकतवरून ‘कॅलिको’ झाले. मुंबईच्या डोंगरीवरून जाड्याभरड्या कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हटले जाऊ लागले, आणि तोच शब्द आज कामकऱ्यांच्या पोशाखासाठी जगभर वापरला जातो. डोंगरीचे नाव सातासमुद्रापार जाऊ शकले, मग भिवंडीचे किनारीवर का येऊ नये?

९/ उत्तर सरळ आहे. गावाचे नाव आले की गावाचे प्रश्नही येतात : मजुरीचा दर, पाळीचे तास, कारखान्यातील हवा. संचालकाचे आडनाव किंवा परदेशी राजा असले प्रश्न विचारत नाही.

१०/ म्हणून मागणी साधी आहे. चिठ्ठीवर धुण्याच्या सूचना छापायला जागा मिळते, तेथेच कापड कोठे विणले त्या गावाचे नाव छापावे. आणि ब्रँडच्या जन्मकथा सांगणाऱ्यांनी नावाचा अर्थ सांगून झाल्यावर आणखी एक वाक्य लिहावे : हे कापड कोणी विणले. तोवर त्या कथांना इतिहास म्हणू नये. ती जाहिरातच आहे.