इथून फाडा

या आठवड्यात महामार्गावरच्या खड्ड्यांवर लिहायचं ठरवलं होतं. पण तो विषय कुठे पळून जात नाही. रविवारी रात्री समोशासोबत आलेली सॉसची पुडी मी दातात धरून ओढली. पुडी जशीच्या तशी राहिली आणि समोरच्या दाताचा कोपरा हातात आला.

पुडीवर ठळक अक्षरांत ‘इथून फाडा’ असं छापलेलं होतं. बाण होता, कडेला बारीकशी खाचही होती. या सूचनेवर माझा कित्येक वर्षांचा राग आहे. शाम्पूची पुडी असो, फरसाणाचं पाकीट असो, नाहीतर मसाल्याची चिमूटभर पुडी. जिथून फाडायला सांगितलंय, तिथून ती आजवर फाटलेली नाही. ओल्या हातांनी तर नाहीच. मग माणूस काय करतो? आजूबाजूला कोणी बघत नाहीसं पाहतो आणि दात लावतो. जुने वाचक जाणतात, माझ्या पिशवीत चष्म्याची दोन घरं, टॉर्च, सुतळी, वीज बिलाच्या पावत्या असं सगळं असतं. कात्री तेवढी नसते.

रविवारी रात्री दाताचा दवाखाना उघडा मिळणं अवघडच. पडघ्याहून बापगाव-गांधारीवरून कल्याण गाठायचा विचार केला. पण एकतर त्या रस्त्यावरची ट्रकची रांग, आणि वर कोणी विचारलं तर ‘सॉसमुळे’ असं सांगावं लागणार! रात्रभर जीभ त्या तुटक्या कोपऱ्यावर फिरत राहिली. सोमवारी सकाळी इथल्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने त्या माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी आत डोकावून विचारलं, “काका, घरात पकड नव्हती का?”

मला वाटलं, असा वेडेपणा करणारा मी एकटाच. त्या हसल्या. म्हणाल्या, निम्मे दात खाण्याने नाही, कामाने तुटतात. तेव्हापासून मी गावात नुसता माणसांच्या तोंडाकडे बघतोय. शिंपी धागा दातांनी तोडतो. टपरीवरचा पोरगा सोड्याच्या बाटलीचं बूच दाढेने उडवतो आणि वर गिऱ्हाइकाकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघतो. ज्या पडघ्यात ४०० केव्हीचं उपकेंद्र आहे, तिथला आमचा वायरमन वायर दातांनी सोलतो! मास्तर लाल पेनचं टोपण चावतात. घराघरात एक हौशी माणूस बर्फ कुडकुड खातो आणि एक आख्खी सुपारी फोडतो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एका दमात सांगतो. दाताचं वरचं कवच एकदा गेलं की पुन्हा उगवत नाही. सकाळी घासता त्यापेक्षा रात्री झोपताना घासणं जास्त महत्त्वाचं, आणि तेही दोन मिनिटं, हलक्या हाताने. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलायचा. तो पुढे दागिने उजळायला ठेवा हवं तर. दुखतंय म्हणून हिरडीवर गोळी दाबून ठेवू नका, चामडी भाजते. खेळताना पोराचा पक्का दात मुळासकट निखळला, तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलायचा, घासायचा नाही, आणि दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठायचा. तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

हे सगळं मी उत्साहाने शेजारच्या आजींना ऐकवायला गेलो आणि तिथेच फसलो. आजी तव्यावर तंबाखू भाजत होत्या. मशेरी. तो वास ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. ज्याला ठाऊक नाही त्याने नशिबाचे आभार मानावेत. मी ‘रात्री घासायचं’ म्हणालो, तर आजी म्हणाल्या, “मी तीनदा लावते.” आणि ओठ वर करून मला आख्खी बत्तिशी दाखवली. “माजं दात बग, येक तरी हाललाय का? तू बरस लावतो, पेस लावतो, तुजाच कसा तुटला?”

याला उत्तर काय द्यायचं? मी म्हणालो, तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली ती उगाच नाही. आजी म्हणाल्या, “मी कुटं गुटका खाते?” हेही खरं. गुटख्याच्या पुड्या पकडायला नाक्यावर उभं राहता येतं. घरातल्या चुलीवरचा तवा कोण पकडणार? डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मशेरीने दात राखले जात नाहीत, हिरड्या सुकतात, आणि दुखणं तंबाखूने बधिर होतं म्हणून कळतच नाही. त्यांना तपासायला घेऊन या. आजींना आणायचं म्हणजे आधी माझा दात शाबूत हवा. नाहीतर माझं कोण ऐकणार?

तूर्त स्वयंपाकघरातल्या खिळ्याला सुतळीने कात्री बांधून टाकली आहे. कोपरा भरायची वेळ पुढच्या बुधवारी अकराची मिळाली आहे. तोवर बाजारात भेटलात आणि मी तोंड मिटून नुसती मान हलवली, तर गैरसमज करून घेऊ नका.