खाणीत उतरलेला सुपरमॅन

चित्रकथांचा माझा षौक मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत सहसा बोलून दाखवीत नाही. अतिमानवी नायकांच्या कथा म्हणजे अमेरिकन भांडवलशाहीने मुलांना चारलेली अफूची गोळी, असा आपल्यातील पुष्कळांचा समज आहे; आणि तो सर्वस्वी खोटा आहे, असेही नाही. तथापि या समजाला छेद देणारा एक अंक मला अत्यंत प्रिय आहे. त्याची वकिली आणि झाडाझडती, दोन्ही येथे करावयाची आहेत. तो अंक म्हणजे 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा ऑगस्ट १९३८ चा तिसरा अंक.

जून १९३८ च्या पहिल्या अंकात सुपरमॅन जन्मास आला. आज तो परग्रहावरील राक्षसांशी झुंजतो. आरंभीच्या अंकांत मात्र त्याचे शत्रू याच पृथ्वीवरचे होते : बायकोला मारणारा नवरा, युद्धावर गबर होणारा शस्त्रास्त्रांचा कारखानदार. तिसऱ्या अंकात पाळी येते ती थॉर्नटन ब्लेकली या खाणमालकाची. खाण कोसळते, एक कामगार जायबंदी होतो. खाण धोक्याची आहे हे कामगारांना ठाऊक असते, पण तोंड उघडले तर नोकरी जाणार, हेही ठाऊक असते. मालक म्हणतो, चूक त्या कामगाराच्या निष्काळजीपणाची! मग सुपरमॅन खाणकामगाराच्या वेषात मालकाच्या मेजवानीत शिरतो. गंमत म्हणून मालक आपल्या पाहुण्यांसह खाणीत उतरतो आणि सुपरमॅन वाट बुजवून टाकतो. धोक्याची सूचना देणारे यंत्र गंजलेले निघते. उंची पोशाखातील ती मंडळी कुदळी घेऊन माती उपसू लागतात. सुटका झाल्यावर, यापुढे आपली खाण सुरक्षित राहील, असे वचन मालक देतो.

या कथेत न उडणारी मोटार आहे, न कोसळणारे विमान. तरीही पहिल्या प्रतीची चित्रकथा म्हणून मी तिचे नाव घेतो. अपघात हा दैवाचा घाला नसून कोणाच्या तरी काटकसरीचा हिशेब असतो, ही गोष्ट दहा सेंटांच्या अंकाने मुलांच्या हाती दिली. गंजलेले ते यंत्र कित्येक अग्रलेखांहून अधिक बोलते.

परंतु माझी तक्रार शेवटाविषयी आहे. ज्यांचे जीव रोज धोक्यात, ते कामगार या उलथापालथीत कोठे आहेत? ते एकत्र येत नाहीत, मागणी करीत नाहीत. एक महाबली सारे परस्पर उरकतो आणि मालकाचे हृदयपरिवर्तन होते. हृदयपरिवर्तनाच्या भरवशावर किती काळ बसावे, हा वाद आपल्या चळवळीला नवा नाही. अमेरिकेतील खाणींचा इतिहास त्याचे उत्तर देतो. हा अंक निघाला तेव्हा संघराज्याच्या निरीक्षकाला कोळसाखाणीत प्रवेश करण्याचा अधिकारदेखील नव्हता. तो १९४१ साली मिळाला. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ कामगार मेले. पुढच्याच फेब्रुवारीत त्या राज्यातील हजारो खाणकामगारांनी फुप्फुसांच्या काळ्या रोगाच्या भरपाईसाठी संप केला. तेव्हा कोठे १९६९ अखेर सक्तीची तपासणी, दंड आणि रोगाची भरपाई देणारा संघराज्याचा कायदा झाला.

या कथेला आणखी एक उपकथा आहे आणि ती अंकात छापलेली नाही. जेरी सीगल व जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या तरुणांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १९३८ मध्ये १३० डॉलरना विकले. न्यायालयातील झगड्यानंतर त्यांची नावेही कथांवरून पुसली गेली. सत्तरीच्या दशकात सीगल टपाल हाताळणारा कारकून होता आणि शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांच्या मदतीला सुपरमॅन आला नाही. आले ते नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन आणि इतर चित्रकार. त्यांच्या मोहिमेमुळे डिसेंबर १९७५ मध्ये मालक कंपनीला दोघांना दरसाल वीस हजार डॉलर देणे आणि त्यांची नावे पुन्हा छापणे मान्य करावे लागले. ते १३० डॉलर ज्या रकमेत होते, तो मूळ धनादेश पुढे २०१२ साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरना गेला. घामाचा भाव आणि कागदाचा भाव यांतील अंतर याहून स्पष्ट ते कसे दिसावे?

म्हणून माझी शिफारस अशी की, हा अंक वाचावा आणि मुलांनाही वाचून दाखवावा. मात्र अंक मिटताना त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा : सुपरमॅन निघून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी ते यंत्र पुन्हा गंजू लागले, तर त्याकडे लक्ष कोणी ठेवायचे?