टीव्ही घेताना आधी प्रकाशाचे विचारा

ईद जवळ आली किंवा घरात लग्न ठरले की नव्या टीव्हीचा विषय निघतोच. मुले मोबाईलवर किमती बघून ठेवतात, अब्बा पैशांचा हिशेब मांडतात आणि दुकानात पाऊल ठेवताच एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी या नावांनी सगळेच गोंधळतात. तीस हजारांचा आणि लाखाचा संच शेजारी शेजारी लावून विक्रेता म्हणतो, "फरक दिसतोच आहे ना!" प्रश्न घरच्या बचतीचा असतो. म्हणून या वेळी आम्ही हा धडा वर्गात शिकवावा तसा सोपा करून मांडत आहोत.

दुकानात एकच गोष्ट विचारावी: या पडद्यात प्रकाश कुठून येतो?

एलसीडी पडद्यातील द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. मागचा दिवा सतत जळत असतो आणि स्फटिक तो उजेड अडवतात किंवा सोडतात. पूर्वी मागे बारीक ट्यूबलाइटसारखे दिवे असत, आता एलईडी असतात. म्हणजे ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो एलसीडीच आहे. क्यूएलईडीही त्याच घराण्यातला. त्यात क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा एक थर वाढवलेला असतो. या कणांचा आकार बदलला की त्यांच्या प्रकाशाचा रंग बदलतो. या शोधासाठी 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल देण्यात आले. या थरामुळे रंग खुलतात, पण काळा रंग किती काळा दिसेल हे मागच्या दिव्यांवरच ठरते. मिनी एलईडीत हे दिवे खूप लहान आणि संख्येने खूप जास्त असतात. चित्राचा जो भाग काळा, तिथले दिवे मंद करता येतात.

ओएलईडीचे घराणे वेगळे. त्यात मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो. कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये या तंत्राची वाट दाखवली.

फरक बघायचा तर हरम शरीफचे रात्रीचे थेट प्रक्षेपण आठवा. पांढऱ्या संगमरवरावर दिव्यांचा लखलखाट आणि मध्ये काळा गिलाफ. साध्या एलईडीवर, विशेषतः खोलीतला दिवा मालवल्यावर, तो काळा थोडा राखाडी वाटतो. ओएलईडीवर खरा काळा दिसतो. पण हेच प्रक्षेपण किंवा बातम्यांची वाहिनी घरात तासन्‌तास लावून ठेवली जात असेल, तर कोपऱ्यातील न हलणारे बोधचिन्ह ओएलईडीवर कालांतराने कायमचा डाग सोडू शकते. शिवाय भर उन्हाच्या खोलीत ओएलईडी सहसा चांगल्या मिनी एलईडीइतका उजळ दिसत नाही.

आता आपल्या घराकडे बघू. दस्तरखान जमिनीवर, टीव्ही भिंतीवर उंच, दादी पलंगावर एका बाजूला आणि मुले अगदी समोर. अशा घरात कोनाचा विचार आधी करावा. एलसीडीत मुख्यतः दोन प्रकारचे पॅनेल येतात. व्हीए पॅनेलवर काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने किंवा खालून पाहिले की चित्र फिके पडते. आयपीएसवर बाजूनेही रंग टिकतात, मात्र अंधारात काळा रंग थोडा उजळ वाटतो. माणसे जास्त आणि खोली उजेडाची असेल तर आयपीएस, दोघे-तिघे समोर बसून रात्री बघणार असतील तर व्हीए.

दुकानात संच बहुधा डेमो किंवा व्हिव्हिड मोडवर भडक करून ठेवलेले असतात. ते स्टँडर्ड किंवा सिनेमा मोडवर लावायला सांगावे. पेन ड्राइव्हवर काळ्या आकाशातील चंद्राचा फोटो न्यावा आणि चंद्राभोवती, कोपऱ्यांत उजेड पसरतो का ते पाहावे. मग बाजूला सरकून आणि खाली बसून पुन्हा पाहावे. लोक बघतील म्हणून लाजू नये. एकाच आकाराच्या दोन संचांमध्ये निवडताना वीजबचतीच्या तारांकित लेबलवर वर्षाची युनिटे वाचावीत.

आकारही अंतर मोजून ठरवावा. 43 इंचाच्या 4के संचासाठी साधारण साडेपाच फूट, 55 इंचासाठी सात फूट अंतर पुरते.

आमचे मत विचाराल तर दिवसभर चालणाऱ्या, उजेडाच्या हॉलमध्ये चांगला एलईडी किंवा क्यूएलईडी पुरेसा आहे. पैशांची सोय असेल तर मिनी एलईडी घ्यावा. रात्री दिवे मालवून मन लावून चित्रपट किंवा माहितीपट बघणाऱ्यांनी ओएलईडीचा विचार जरूर करावा. शेजाऱ्यांनी कोणता घेतला हे मात्र यादीतून काढून टाकावे. त्यांची खोली वेगळी आहे.