धाक कशाचा?

गेल्या रविवारी दुपारी जेवणं आटोपून मी जरा आडवी झाले होते, तोच बाहेरच्या खोलीतून भांडणाचा आवाज आला. आमच्या बोरिवलीच्या घरी महिन्यातून एक-दोन रविवार नातवाचे मित्र जमतात आणि जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे पसरून बसतात. त्यांच्या गलक्याची मला सवय आहे. पण या वेळी चक्क माझ्याच नावाचा पुकारा झाला. "आजी, तुम्ही शाळेत शिकवत होतात ना? मग तुम्हीच न्याय करा!"

न्याय करायचा तर आधी खेळ समजून घेणं आलं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचं नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 साली बाजारात आणला. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. प्रत्येक पात्राचे सहा गुण आकड्यांत मांडलेले असतात: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि सहावा करिष्मा. काही करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडलेल्या आकड्यात त्या त्या गुणाची भर घालायची. थोडक्यात, सोंगट्यांच्या खेळाला कीर्तनाची जोड!

तंटा असा होता. त्यांच्यातला एक चष्मेवाला, फुंकरीने उडेल असा मुलगा खेळात अगडबंब योद्धा झाला होता. बळ 18, करिष्मा 8. तुरुंगाच्या पहारेकऱ्याला दरडावून त्याने किल्ली मागितली. किल्ली मिळायला हवे होते 15. फासा पडला 11. बळाचे 4 मिळवले की बरोब्बर 15. पण त्यांच्या 2014 सालच्या नियमपुस्तकात धमकावणं हे करिष्म्याच्या खात्यात जमा आहे आणि करिष्मा 8 म्हणजे उणे 1. उरले 10. "आजी, मी पहारेकऱ्याचं बाक एका हाताने उचलून भिंतीवर आपटलं, आणि म्हणे तो घाबरलाच नाही!" पुस्तकात एक सवलतही आहे. सूत्रधाराला पटलं तर हे बळावर मोजता येतं. पण आमच्या सूत्रधाराला ते पटत नव्हतं.

"चहा टाकते, तोवर विचार करते," असं म्हणून मी स्वयंपाकघरात सटकले.

'बळी तो कान पिळी' म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नियम उफराटाच वाटणार. पण आपली भाषाही काही कमी चतुर नाही. दहशत असते ती गुंडाची. जरब असते ती आवाजात, नजरेत. आणि दरारा असतो तो नावाचा. त्यासाठी माणूस समोर असावा लागत नाही.

असा दरारा मी लहानपणी गोरेगावात पाहिला आहे. मृणाल गोरे डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत आल्या, 1961 साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि उपनगरांच्या पाण्यासाठी भांडून 'पाणीवाली बाई' झाल्या. 1972 साली त्यांनी आणि अहिल्या रांगणेकरांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणलं. हत्यार कोणतं? तर लाटणं! माझी आईही त्या मोर्चात गेली होती. एरवी ती दारावरच्या भाजीवाल्याशीही खाली मान घालून बोलायची.

एकदा रॉकेलच्या रांगेत दीड तास उभं राहिल्यावर दुकानदाराने "माल संपला" म्हणून हात झाडले. माणूस धिप्पाड. मागे दोन हमाल. आई हळूच म्हणाली, "ठीक आहे. संध्याकाळी मृणालताईंना सांगते." बस्स. पाच मिनिटांत आतून डबा आला. दहा वर्षांची मी आईचा पदर धरून पाहत होते. त्या धिप्पाड माणसाला माझ्या आईने बोटही लावलं नव्हतं, आणि मृणालताई तर तिथे नव्हत्याच.

आता हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे भलतंच येतं. पुढे मी स्वतः मुलुंडच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, आणि माझा धाक होता तो फूटपट्टीचा. वर्ग टाचणी पडली तरी ऐकू येईल इतका शांत असायचा. मला त्याचा अभिमान होता. शेजारच्या वर्गावरच्या बाई किरकोळ अंगकाठीच्या. त्यांनी कधी छडी हातात धरली नाही. तरी त्यांचाही वर्ग शांत. फरक एवढाच, की त्या रजेवर गेल्या तरी त्यांचा वर्ग शांत असायचा. माझा मी जिन्याखाली उतरले की बाजार व्हायचा.

काही वर्षांपूर्वी घाटकोपर स्टेशनवर एका पस्तिशीच्या बाईने मला वाकून नमस्कार केला. माझी विद्यार्थिनी. मुलीला शिकवणीला सोडून घरी निघाली होती. म्हणाली, "बाई, मला अजूनही त्रैराशिक आलं की हात मागे घ्यावासा वाटतो." हसत म्हणाली. मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र ठाणे कधी आलं ते कळलं नाही. मुलुंड मागेच राहिलं होतं.

पण म्हणून करिष्म्याची आरती ओवाळावी, असंही मला वाटत नाही. नुसत्या नजरेने गल्ली गप्प करणारे 'भाई' आणि 'दादा' या उपनगरांनी पाहिले आहेत. ते स्वतः हात उचलत नसत. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या हातांची मोजदाद सगळ्यांना असे. आणि खरं सांगायचं तर मृणालताईंच्या शब्दामागेही शेकडो लाटणी होतीच. बळ आणि छाप यांची वाटणी कागदावर होते तशी माणसांत होत नाही. फरक पडतो तो हे हात मागे का उभे आहेत, यावर. दादामागचे हात पैशाने आणि भीतीने आलेले. लाटण्यामागचे हात रिकाम्या डब्यामुळे आलेले. दुकानदाराला मार बसण्याची भीती नव्हतीच. भीती होती ती चार बायकांदेखत खोटा ठरण्याची.

चहाचे कप घेऊन बाहेर गेले आणि सूत्रधाराला म्हटलं, "अरे, तुम्ही सगळे योद्ध्याकडेच बघताय. पहारेकऱ्याला विचारा ना, तो कशाला भितोय? हाड मोडायला भीत असेल, तर बळावर मोजा आणि द्या किल्ली. पण मग एक लक्षात ठेव. हाडाची भीती पाठ वळेपर्यंतच टिकते."

सूत्रधार मिनिटभर पेन्सिल चावत बसला. मग म्हणाला, "मंजूर. 15. किल्ली मिळाली." टेबलावर एकच जल्लोष झाला. योद्ध्याने कुलूप काढलं, मंडळी भुयारात शिरली, दोन वळणं पार झाली. तेव्हा सूत्रधार शांतपणे म्हणाला, "मागे तुरुंगाची घंटा वाजायला लागली आहे."

पोरं माझ्याकडे रागाने बघायला लागली. मी रिकामे कप उचलले. ती घंटा माझ्या ओळखीची होती.