आधी पाकीट शोधा!

घरातल्या कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लं की आपली पहिली धाव स्वयंपाकघराकडे. कुणी म्हणतं, मिठाचं पाणी पाजा, उलटी होईल. कुणी म्हणतं, दूध द्या. शेजारच्या काकू हळद घेऊन हजर! माया सगळ्यांचीच असते, पण माझं स्पष्ट मत आहे की या घरगुती उपायांत जनावराचा जीव जातो.

मीठ जास्त गेलं तर त्याचीच विषबाधा होते. दूध हा काही विषावरचा उतारा नव्हे. आणि पोटात संडास साफ करायचं अ‍ॅसिड गेलं असेल तर उलटीबरोबर ते वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजून काढतं. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मग काय, हातावर हात धरून बसायचं? मुळीच नाही. उरलेलं औषध दूर करा आणि पाकीट शोधा. कारण उंदराचं औषध एकच नसतं, बरं का! ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठेनासं होतं. पण कुत्रा दोन-तीन दिवस मजेत हिंडतो, आपण निर्धास्त होतो, आणि मग हिरड्यांतून रक्त, धाप. त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, तो काही आठवडे द्यावा लागतो. झिंक फॉस्फाइडच्या काळपट पुडीवर मात्र असा उतारा नाही. तिचा पोटात विषारी वायू होतो, उलटीतून तो आपल्यालाही बाधतो, म्हणून नेताना गाडीच्या काचा उघड्या हव्यात. आता पाकीटच नसेल तर डॉक्टर ओळखणार कशावरून? खाऊन किती वेळ झाला, साधारण किती खाल्लं, कुत्र्याचं वजन किती, हे निघतानाच फोनवर सांगा.

मांजरवाल्यांनो, तुम्हाला वेगळं सांगते. अंग गरम लागलं म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तिला देऊ नका. एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते.

राग येतो तो सोसायट्यांचा. लिफ्ट बंद राहणार याची नोटीस लागते, पण जिन्याखाली कोणतं औषध टाकलंय, याची चिठ्ठी लावायला जिवावर येतं. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय काढाच. आणि रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना कुठे आहे, ते आजच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. गावात तसा नसेल तर नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "रात्री फोन केला तर चालेल ना?"