गल्ल्याला कुलूप, मग संगणकाला का नाही?

भोरहून वरंध घाटाकडे जाताना लागणाऱ्या हिर्डोशीसारख्या गावातला दुकानदार रात्री शटर ओढल्यावर कुलूप दोनदा हिसडून पाहतो. घरच्या संगणकावर उधारीची खाती, जीएसटीचे कागद आणि बँकेचा व्यवहार असतो. पण त्याचा पासवर्ड म्हणजे मुलाची जन्मतारीख, आणि ती सर्वांना पाठ! ही विसंगती व्यापारी बंधूंनी दूर केली पाहिजे.

अँटिव्हायरस विकत घेतला की काम संपले, असा समज आहे. पुण्याच्या काटकर बंधूंनी १९९० च्या दशकात क्विक हील बाजारात आणले, तेव्हा व्हायरस बहुधा फ्लॉपीतून येत. आज फोनवर गोड बोलणाऱ्याला आपणच ओटीपी सांगतो. तिथे कोणतेही सॉफ्टवेअर काय करणार?

आमच्या मते सुरक्षा ही सवयीची बाब आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरच्या फायली बंद करून खंडणी मागितली. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ‘नंतर करू’ म्हणणारे सापडले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ते वापरणाऱ्यांनी पुढची सोय पाहावी.

दुसरे, हिशेबाचे खाते वेगळे आणि मुलांच्या खेळाचे वेगळे ठेवावे. मुलांच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नयेत. तिसरे, आठवड्यातून एकदा हिशेबाची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी व वायर काढून ती कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस तीही बंद करतो.

पासवर्ड वहीत लिहू नये, असे सांगतात. आम्हाला हे पटत नाही. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड वापरण्यापेक्षा वेगवेगळे, लांब पासवर्ड लिहून वही कुलपात ठेवलेली बरी. दूर बसलेल्या चोराला आपले कपाट दिसत नाही. तरीही पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता त्वरित १९३० वर कळवावे.

खाती गेली तर बाकीवरून शेजाऱ्याशी वाद होतो. गिऱ्हाइकांच्या आधार-पॅनच्या प्रती तर त्यांची अमानत आहे. ती सांभाळणे हाही व्यापारच आहे.