उसाची ट्रॉली आणि ट्रॅक्टरची ताकद

दसरा उलटला म्हणजे बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. सांगली, कोल्हापूर, सातारा आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघालेली अनेक बिऱ्हाडे ट्रॅक्टरमागील ट्रॉलीत चढतात. ज्वारीची पोती, भांडीकुंडी, शेळ्या, म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असा सारा संसार त्या पत्र्याच्या हौद्यात मावतो. पाश्चात्त्य देशांत मोटारीमागे फिरते घर जोडून सुटी घालविण्याची चाल आहे. तेथील गिऱ्हाईक आधी घराचे वजन विचारतो आणि ते ओढू शकेल, विशेषतः थांबवू शकेल, अशी मोटार निवडतो. बीडचे फिरते घर मजुरीसाठी निघते. त्याच्या निवडीचा हिशेब अगदी वेगळा असतो.

हा प्रवास पूर्वी प्रामुख्याने बैलगाडीने होई. पुढे लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर आले आणि गाडीची क्षमता वाढली. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक डॉ. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न देशापुढे आग्रहाने मांडला. जनावरांचे हाल आणि वाया जाणारी शक्ती हे त्यांचे मुख्य मुद्दे होते. बैलाच्या बाबतीत एक सोय मात्र होती. भार पेलेनासा झाला की तो बसतो, आणि ते सर्वांना दिसते. इंजिन असे बसत नाही.

पन्नास अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारणतः दोन ते अडीच टन असते. त्यामागे दोन ट्रॉल्या जोडून पंधरा-वीस टन ऊस ओढला जातो. सपाट रस्त्यावर, सावकाश गतीने हे ओढणे साधते. म्हणूनच खरेदी करणारा अश्वशक्तीचा आकडा पाहून समाधान मानतो. वस्तुतः प्रश्न ओढण्याचा नसून थांबविण्याचा आहे. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक नसेल, तर उतारावर मागचा सारा भार ट्रॅक्टरला पुढे ढकलतो आणि हलक्या ट्रॅक्टरची चाके घसरतात. चढावर याच्या उलट घडते. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार दांडीवाटे ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्यामुळे मागच्या चाकांना पकड मिळते, पण भार फार झाला की पुढची चाके उचलली जातात आणि सुकाणू निरुपयोगी ठरते. चारचाकी ट्रॉली आपला भार स्वतः वाहते. तिच्यात हा दोष कमी असला, तरी ब्रेकची गरज तेवढीच राहते. धारूरच्या अरुंद घाटात हे शास्त्र शिकविण्यास कोणा प्राध्यापकाची आवश्यकता भासू नये.

मग ट्रॅक्टरमालकाला हे कळत नाही काय? पुष्कळदा चांगले कळते. परंतु त्याला वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. कर्जाचा हप्ता ठरलेला, टोळीला दिलेली उचल अडकलेली, हंगाम चार-पाच महिन्यांचा. खेपांची संख्या वाढविणे त्याच्या हाती नसते, कारण कारखान्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॉली तासन्‌तास उभी राहते. हाती राहतो तो एकच उपाय : प्रत्येक खेपेत अधिक ऊस भरणे. ब्रेकवर, परावर्तकांवर, मागच्या दिव्यावर केलेल्या खर्चाचा एक पैसाही टनेजमध्ये उमटत नाही. अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळणारा दुचाकीस्वार या हिशेबाच्या बाहेरचा असतो. लाभ एकाचा आणि धोका भलत्याचाच, हे अर्थशास्त्रातील जुने दुखणे येथे रस्त्यावर उघडे पडलेले दिसते.

सर्व दोष मालकाच्या माथी मारणे म्हणूनच सोपे, पण अन्यायाचे आहे. अतिरिक्त भाराचा लेखी पुरावा दुसऱ्याच ठिकाणी तयार होतो. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर आधी भरलेली आणि मग रिकामी तोलली जाते; त्या पावतीवरच पैसे मिळतात. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी होते आणि भरलेल्या वाहनाचे मान्य वजन नोंदणीपत्रात लिहिलेले असते. हे दोन आकडे शेजारी ठेवण्यास कोणतेही नवे यंत्र लागत नाही. मान्य वजनावरील उसाचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण द्यावेत, तोडणीचेही द्यावेत, पण वाहतुकीचे देऊ नयेत, एवढा नियम केला तरी जादा भरण्याचे आकर्षण संपेल. त्याबरोबर वाहतुकीचा दर वाढवावा लागेल, हे कारखान्यांनी मान्य केले पाहिजे. आज स्वस्त भासणाऱ्या वाहतुकीची उरलेली किंमत कोणी तरी भरतच असतो.

माणसांच्या प्रवासाचा प्रश्न याहून निराळा आहे. उसासाठी बांधलेल्या हौद्यात मुले-माणसे दूरच्या पल्ल्यावर नेणे कोणत्याही अश्वशक्तीने योग्य ठरत नाही. ऊसतोड कामगारांसाठी २०१९ साली शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन केले. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी त्यास वर्गणी द्यावी, अशी योजना आहे. या निधीतून टोळ्यांना जाण्या-येण्यासाठी एस.टी.च्या गाड्या देता येतील. सामान तेवढे ट्रॉलीत जाईल. जनावरांची सोय वेगळी करावी लागेल, आणि ती अडचण लहान नाही.

टोळ्यांचे करार व उचलीचे वाटप पावसाळ्यातच सुरू होते. ट्रॉलीचे ब्रेक, दांडी आणि हूक तपासून मगच वाहनाची कारखान्याकडे नोंद करण्याची अट त्याच वेळी घालता येईल. मोळी गव्हाणीत पडल्यानंतर तपासणीला कोणी सवड काढत नाही.